हसलं कोण, गप्प कोण राहिलं

पत्राचा सारांश

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी हौशी नाट्यसंस्था चालवणाऱ्या एका ताईंचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांनी आणि दहाएक सहकाऱ्यांनी एका रिकाम्या गोदामात नव्वद खुर्च्यांचं छोटं नाट्यगृह उभं केलं. महिन्याला एक-दोन प्रयोग होतात, तिकीट शंभर रुपये. प्रयोगानंतर अर्धा तास प्रेक्षकांशी चर्चा आणि दाराशी अभिप्रायाची वही, ही पद्धत पहिल्या दिवसापासूनची. यंदा त्यांनी स्वतः लिहिलेलं नाटक बसवलं. भाऊबीजेला माहेरी आलेल्या बहिणीपुढे भाऊ साडीची पिशवी ठेवतो आणि तिच्याखाली हक्कसोडपत्राचे कागद. ती बराच वेळ कागदांकडे बघते आणि म्हणते, 'पेन आहे का?' पहिल्या प्रयोगाला या वाक्यावर हॉल हसला. बहिणीचं काम करणारी एकवीस वर्षांची मुलगी आत येऊन रडली. नंतरच्या चर्चेत एक निवृत्त शिक्षक पंधरा मिनिटं एकटेच बोलले: नाटकातला कायदा चुकीचा आहे, आणि माहेर तुटतं असं दाखवू नका. बायका काहीच बोलल्या नाहीत, एक तर मधेच उठून गेली. वहीत बहुतेकांनी 'छान' लिहिलं. चर्चेतल्या त्या भाषणाचा तुकडा गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरला. आता निम्मे सहकारी म्हणतात चर्चा बंद करा, आणि संस्थेचे सहसंस्थापक म्हणतात लोकांना आवडेल तेच करू या, विनोदी काहीतरी. ताई विचारतात: 'आमच्या गावाला नाटक कळतच नाही का? की आम्हीच चुकीच्या जागी दिवा लावून बसलोय?'

प्रिय ताई,

तुमचं पत्र आल्यापासून 'पेन आहे का?' हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पत्रासोबत तुम्ही त्या प्रवेशाची संहिता आणि वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत, हे फार बरं केलंत. मला जे सांगायचं आहे त्यातलं बरंचसं त्या कागदांतच सापडलं.

आधी हसण्याचं बघू. तुम्ही लिहिता, हॉल हसला. मी विचारते, किती जण हसले? त्या रात्री साठेक खुर्च्या भरल्या होत्या. हजार प्रेक्षकांच्या नाट्यगृहात हशा लाटेसारखा येतो. तो कुठून उठला हे नटाला कळत नाही, कळण्याची गरजही नसते. तुमच्याकडे पहिली रांग नटापासून हातभर अंतरावर आहे. तिथे सहा माणसं मोठ्यानं हसली तरी सगळा हॉल हसल्यासारखा वाटतो. आणि विंगेत उभ्या असलेल्या माणसाला तर नुसता आवाज येतो, चेहरे दिसत नाहीत. तुम्ही त्या वेळी विंगेत होतात, तुमच्याच पत्रात तसं आहे. म्हणजे ज्या हशावरून संस्थेची पुढची दिशा ठरायची वेळ आली आहे, तो तुमच्यापैकी कुणी पाहिलेलाच नाही.

म्हणून पुढच्या प्रयोगाला एक करा. ज्याला त्या दिवशी काम नाही अशा एखाद्या सहकाऱ्याला बाजूच्या भिंतीशी, प्रेक्षकांचे चेहरे दिसतील असं बसवा. त्यानं रंगमंचाकडे बघायचंच नाही. लोक कुठे पुढे झुकले, कुठे खुर्च्या वाजल्या, कुठे मोबाइलचा उजेड पेटला, एवढंच पाहायचं. तिथे बसून लिहू नये, कारण टिपणं घेणारा माणूस दिसला की लोक सावध होतात. घरी जाऊन लिहावं. आणि त्या वाक्याला कोण हसलं, हसून झाल्यावर त्यानं कुणाकडे पाहिलं, हे मुद्दाम बघावं. आमच्या संस्थेत आम्ही हे काम वर्षानुवर्षं पाळीपाळीनं केलं. एका चांगल्या निरीक्षकानं आणलेली माहिती वहीच्या शंभर पानांत मिळत नाही.

आता संहितेकडे. भाऊबीजेच्या प्रवेशाच्या जेमतेम दोन मिनिटं आधी तुमचा मामा पेन शोधतो. सदऱ्याचा खिसा, कोटाचा खिसा, कानामागे, पाटाखाली, आणि शेवटी ते भाचीच्या अंबाड्यात खोचलेलं निघतं. वहीत तिघांनी लिहिलं आहे की मामा भारी. ताई, तुम्हीच प्रेक्षकाला दोन मिनिटं शिकवलंत की या घरात पेन ही हसायची वस्तू आहे. मग बहिणीनं पेन मागितल्यावर तो हसला, तर त्यानं तुमचं नाटक नीट लक्ष देऊन पाहिलं असा त्याचा अर्थ होतो. झोपलेला प्रेक्षक त्या ठिकाणी हसला नसता.

यावर तालमीत करण्यासारखं बरंच आहे. मामाचा शोध आधीच्या प्रवेशात हलवता येईल. किंवा तो तसाच ठेवून कागद समोर आल्यावरचा विराम वाढवा. तुम्ही लिहिलंय 'बराच वेळ', पण संहितेत तिथे भावाचं बडबडणं चालूच आहे, म्हणजे खऱ्या अर्थानं विराम नाहीच. भावाला गप्प करून बघा. कागद उलटण्याचा आवाज येऊ द्या, एक पान, दुसरं पान. मामाच्या प्रवेशातला भगभगीत उजेड तोवर उतरलेला असू द्या. प्रेक्षकाच्या शरीराला हसण्यातून बाहेर यायला वेळ लागतो, तो त्याला द्यावा लागतो. आमच्या एका नाटकात आई पोराच्या फीचे पैसे मोजते त्या जागी असाच हशा यायचा. आम्ही चिडलो, मग शोधत गेलो, तर तिच्या मागच्या दारातून वरातीचा बाजा नुकताच थांबलेला असायचा आणि लोक अजून त्या तालावर होते. आम्ही बाजा आणि पैसे यांच्यामध्ये तिला फक्त एक तांब्याभर पाणी प्यायला लावलं. हशा अर्ध्यावर आला.

उरलेला अर्धा मात्र आम्ही तसाच ठेवला, आणि तुम्हीही ठेवावा असं मला वाटतं. कारण तो दुसऱ्याच जातीचा असतो. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हक्क आहे. आणि तेव्हापासून सात-बारावर नाव लागण्याआधीच तो सोडून देण्याचे कागदही गावोगाव होत आले आहेत. तुमच्या साठ प्रेक्षकांत सही करणाऱ्या किती होत्या, करून घेणारे किती होते, साक्षीदार म्हणून उभे राहिलेले किती होते? काही जण तर त्याच बहिणीशेजारी किंवा त्याच बायकोशेजारी बसलेले असतील. अशा माणसाला एकदम आपलं घर समोर दिसलं की तोंडावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटतं. हसणं हे त्याला पटकन सापडणारं पांघरूण आहे. या हशानंतर बहुतेक वेळा एकदम शांतता येते, नेहमीपेक्षा खोल. भिंतीशी बसलेल्या तुमच्या माणसाला ती ऐकू येईल. ती आली तर प्रवेश जिथे पोचायला हवा तिथे पोचला आहे.

'गावाला नाटक कळत नाही का' या प्रश्नाबद्दल मला थोडं परखडपणे बोलायचं आहे, कारण तो प्रश्न तुम्ही थकून विचारला आहे हे मला कळतं आणि तरीही तो घातक आहे. लहान नाट्यगृहात मुकाट बसून नाटक बघणं ही एक शिकलेली रीत आहे. गोव्यात तियात्राला, म्हणजे तिथल्या कोकणी नाटकाला, एखादं कांतार (गाणं) रंगलं की लोक ते पुन्हा म्हणायला लावतात. संगीत नाटकाच्या काळात आमच्या आजोबांची पिढी एकाच पदाला चार-चार वन्समोअर घ्यायची, आणि पहाटेपर्यंत चाललेल्या त्या प्रयोगांना कुणी प्रेक्षकांना अडाणी म्हणालं नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत सुगीनंतर रात्ररात्र मंडपातली नाटकं चालतात, तिथला प्रेक्षक बोलतो, हसतो, रडतो. तुमच्या गावचा प्रेक्षक जत्रा, कीर्तन, ऑर्केस्ट्रा आणि दूरचित्रवाणी यांतून बघायला शिकला आहे. तो शंभर रुपये देऊन गोदामात येतो आणि आवाज करतो. तुम्हाला हवी असलेली शांतता त्याच्या ओळखीची व्हायला चार वर्षं फार नाहीत.

भरतमुनींनी तर या सगळ्याची नोंदच करून ठेवली आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखायचं याची चर्चा आहे. प्रेक्षकाचं स्मित, अर्धं हसू, मोठ्यानं हसणं, 'साधु', 'अहो', करुण जागी तोंडून निघणारं 'कष्टम्', अंगावरचा काटा, जागेवरून उठणं, नटाकडे वस्त्रं आणि अंगठ्या टाकणं, हे सगळं त्यांनी मानुषी सिद्धीत, म्हणजे माणसांच्या पातळीवरच्या यशात मोजलं. आणि त्याहून वरची, दैवी सिद्धी, ती कोणती? जिथे शब्द नाही, खळबळ नाही, काही विपरीत घडत नाही आणि रंगमंडप पूर्ण भरलेला आहे, ती. इतक्या जुन्या काळी कुणीतरी प्रेक्षकांकडे इतकं बारकाईनं पाहिलं आणि गप्प बसलेल्या माणसाला सर्वांत वर ठेवलं, हे मला दरवेळी आश्चर्याचं वाटतं.

हे सांगण्याचं कारण तुमच्या गप्प राहिलेल्या बायका. तुम्ही लिहिता, 'बायका तर काहीच बोलल्या नाहीत', जणू त्यांच्याकडे सांगण्यासारखं नव्हतंच. ताई, ज्या हॉलमध्ये नवरा, दीर, भाऊ आणि गावचे गुरुजी बसले आहेत, तिथे उभं राहून एखादी बाई हक्कसोडपत्रावर काय बोलेल? बोलली तर घरी काय ऐकेल? तुमची चर्चा त्यांच्यासाठी खुली नव्हतीच, जरी दार उघडं होतं. उठून गेलेल्या बाईचंही आपल्याला काही माहीत नाही. तिची शेवटची एसटी असेल. तिच्याच्यानं बघवलं नसेल. किंवा घरी मूल असेल. न विचारता त्या जाण्याला 'नापसंती' म्हणू नका. पण एसटीची वेळ मात्र बघा. नऊला संपणारा प्रयोग साडेआठला संपवता आला आणि त्यामुळे बाहेरगावच्या चार बायका शेवटापर्यंत बसल्या, तर तोही प्रेक्षकांना दिलेला प्रतिसादच आहे.

बायकांसाठी मी एवढं सुचवीन: एक प्रयोग दुपारी, फक्त त्यांच्यासाठी करा. तुमच्या भागातल्या बचत गटांना बोलवा. नंतर चर्चा असं काही जाहीर करू नका. चहा ठेवा आणि तुमच्यातल्या दोघी-तिघी कपबश्या घेऊन त्यांच्यात बसा. कुणी बोललं तर ऐका. आणि तिथे ऐकलेलं पुढच्या प्रयोगाच्या प्रसिद्धीला वापरू नका, नाव काढूनसुद्धा नाही. लहान गावात नाव काढलेली गोष्टही कुणाची ते दुसऱ्या दिवशी कळतं.

आता वही. या पानांनी मला सर्वांत जास्त काही सांगितलं. तुम्ही पत्रात लिहिलंत, 'सगळे छान छान लिहितात, त्यातून काही मिळत नाही.' मी मोजलं. बावीस नोंदी आहेत. चौदा 'छान', 'उत्तम', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' वगैरे. तीन मामाबद्दलच्या. एक जण लिहितो की खुर्च्या टोचतात. आणि चार जणांनी, चार वेगळ्या अक्षरांत, लिहिलंय की मागे ऐकू येत नव्हतं. एकानं तर पंख्याचा आवाज असं कारणही दिलंय. हे तुम्ही पत्रात लिहिलंच नाहीत. आपण वहीत कौतुक शोधतो किंवा घाव शोधतो, आणि साधी माहिती नजरेतून सुटते. बहिणीचा विराम, कागदांचा आवाज, 'पेन आहे का'चा हलका सूर, यातलं काहीच मागच्या तीन रांगांपर्यंत पोचत नसेल, तर त्यांना फक्त पुढच्यांचा हशा ऐकू आला असणार. आणि माणूस न कळलेल्या हशात सामील होतो, हे आपण सगळ्यांनी केलं आहे. चर्चा ठेवायची की नाही यावर सभा घेण्याआधी त्या पंख्याला तेल घाला, मागच्या भिंतीला जाड पडदे किंवा जुनी सतरंजी लावून बघा, आणि तालमीत एकानं कायम शेवटच्या रांगेत बसायचं असा नियम करा. तुमच्या सगळ्या प्रश्नांपैकी हा आठवडाभरात सुटणारा आहे.

वही ठेवा, पण कोरी ठेवू नका. कोऱ्या पानावर माणूस शिष्टाचार लिहितो, लग्नातल्या पाकिटावर लिहावं तसा. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक प्रश्न लिहून ठेवा. 'नाटकातली कुठली वस्तू लक्षात राहिली?' 'कुठे कंटाळा आला?' 'घरी जाऊन कुणाला यातलं काय सांगाल?' प्रत्येक प्रयोगाला एकच प्रश्न. शेजारी नाव न लिहिता टाकायच्या चिठ्ठ्यांचा डबा ठेवा, पेनं दोन-तीन बांधून ठेवा. कंटाळ्याचा प्रश्न विचारायला धाडस लागतं, मला माहीत आहे, पण त्याची उत्तरं इतकी नेमकी येतात की दिग्दर्शकाला त्याचा राग येण्याऐवजी उपयोगच होतो.

चर्चेचा मुद्दा. तुमच्या सहकाऱ्यांचं बंद करा म्हणणं मला समजतं. नाटक संपल्या क्षणी नट अंगावरची कातडी काढून ठेवल्यासारखा असतो, आणि त्याच वेळी त्याला खुर्चीवर बसवून 'कसं वाटलं' म्हणून गावाला विचारायचं, ही पद्धत मुळात क्रूर आहे. 'कसं वाटलं' हा प्रश्नही वाईट. त्याला दोनच उत्तरं असतात, निकाल किंवा भाषण. राज्य नाट्य स्पर्धेच्या सवयीनं आपण सगळे परीक्षकाच्या भाषेत बोलायला शिकलो आहोत: संहिता सशक्त, प्रकाशयोजना पूरक, पार्श्वसंगीत कमी पडलं. प्रेक्षकानं तसं बोलायची गरज नाही.

तरीही मी बंद करायला सांगणार नाही. एकदा बंद केलेली चर्चा पुन्हा सुरू होत नाही, आणि गावात तिच्या जागी दुसरी बोलण्याची जागा नाही, चौक सोडला तर. पद्धत बदला. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० च्या सुमारास प्रतिसाद देण्याची एक रीत बसवली, ती जगभर वापरली जाते आणि आपल्याकडेही चालण्यासारखी आहे. तिचे चार टप्पे असतात. पहिल्यांदा प्रेक्षकांनी फक्त काय भिडलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग कलावंतांनी प्रेक्षकांना प्रश्न विचारायचे, म्हणजे तुम्ही विचारायचं: 'पेन मागितलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं, ती सही करेल की नाही?' मग प्रेक्षकांनी कलावंतांना प्रश्न विचारायचे, पण ज्यांच्या आड मत दडलेलं नाही असे प्रश्न. 'शेवट इतका घाईत का केला?' हा प्रश्न नव्हे, ते मत आहे. 'शेवट किती वेळ चालावा असं ठरवलं होतं?' हा प्रश्न. आणि सर्वांत शेवटी मतं, तीही विचारून: 'त्या वकिलाच्या पात्राबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?' आणि कलावंताला 'आज नको' म्हणायची मुभा. पहिले दोन प्रयोग हे अवघड वाटेल, लोक मध्येच मतावर उडी मारतील. चर्चा चालवणाऱ्यानं हसतमुखानं त्यांना परत आणायचं. ही व्यक्ती नाटकात काम केलेली नसावी, आणि दिग्दर्शक तर नकोच.

चर्चेआधी दहा मिनिटं चहा द्या. लोकांना एकमेकांशी बोलू द्या, नटांना तोंड धुऊ द्या. दोन मिनिटांहून जास्त कुणी बोलायचं नाही हे आधी सांगा आणि सगळ्यांना लावा, तुम्हालासुद्धा. मोबाइलवर चित्रण नको हेही तेव्हाच सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या त्या तुकड्याला उत्तर देऊ नका. त्याच्यामुळे पुढच्या प्रयोगाला चार जास्त माणसं आली तर त्यांचं स्वागत करा.

गुरुजींबद्दल तुमच्या पत्रात जरा कडू सूर आहे. तुम्हीच लिहिलंय की ते पहिल्या प्रयोगापासून एकदाही चुकलेले नाहीत आणि पासावर कधी आले नाहीत. असा माणूस लहान नाट्यगृहाचा आधार असतो. ते पंधरा मिनिटं बोलले कारण त्यांना कुणी थांबवलं नाही, आणि कदाचित कारण महिनाभरात त्यांचं ऐकून घेणारी तेवढीच जागा होती. त्यांच्या घरी जा. तुम्ही स्वतः, लेखिका म्हणून. कायद्याचं त्यांचं म्हणणं नीट ऐका. नोंदणीशिवाय हक्कसोडपत्राला अर्थ नाही, आणि तुमच्या नाटकात घरच्या घरी सही होऊन सगळं संपतं. त्यांचा आक्षेप हाच असेल तर तो बरोबर आहे, दुरुस्त करा आणि चर्चेत त्यांच्या नावानं सांगा. माहेर तुटतं असं दाखवू नका, हे त्यांचं दुसरं म्हणणं मात्र मान्य करायची गरज नाही, आणि तेही त्यांना तोंडावर, आदरानं सांगा. मग पुढच्या नाटकाच्या एका तालमीला त्यांना बोलवा. नाटक अजून कच्चं असताना बघणाऱ्या माणसाचा सूर बदलतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

सहसंस्थापकांच्या 'लोकांना आवडेल ते' या मुद्द्याला मी कमी लेखत नाही. भाडं, वीज, खुर्च्या, सगळं तिकिटावर चालतं, आणि चांगलं विनोदी नाटक करणं सोपंही नसतं. वर्षात दोन विनोदी नाटकं करा, मन लावून करा. पण कुठल्या लोकांना आवडेल, हा प्रश्न त्यांना विचारा. भरतमुनींनीच लिहिलंय की तरुणांना शृंगार रुचतो, पैशाच्या मागे असणाऱ्यांना अर्थाच्या गोष्टी, विरक्तांना मोक्षाच्या. 'लोक' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा तेच येतात जे मोठ्यानं बोलतात. आणि जे नाटक अजून पाहिलंच नाही ते कुणाला मागता येत नाही.

एका प्रयोगावरून नाटकाचा निकाल लावू नका. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग पुण्यात १६ डिसेंबर १९७२ ला झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर ते ज्या संस्थेनं उभं केलं तिनंच थांबवलं. कलावंत बाहेर पडले, त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि नाटक पुन्हा उभं केलं, पुढे ते परदेशातही गेलं. तुमचं नाटक तेवढं मोठं आहे की नाही हे मी सांगू शकत नाही. पण त्याला निदान पाच प्रयोग द्या, आणि त्या पाचांत ऐकू येण्याच्या दुरुस्तीखेरीज आणि त्या पेनाच्या जागेखेरीज काही बदलू नका. प्रत्येक अभिप्रायाला एक बदल करत गेलात तर सहाव्या प्रयोगाला नाटक कुणाचंच उरणार नाही.

ज्यांचं स्वतःचं नाट्यगृह नाही पण जे प्रेक्षक म्हणून अशा लहान हॉलमध्ये जातात, त्या वाचकांनाही मला सांगायचं आहे. प्रयोगानंतर नटाला भेटलात तर 'छान' म्हणू नका, आणि लगेच चूकही दाखवू नका. तुम्ही पाहिलेली एक गोष्ट त्याला परत द्या: 'तू कागद उलटा धरला होतास तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.' एवढ्यावर तो महिनाभर तालीम करतो. चुकीचं काही वाटलं तर दोन दिवसांनी संस्थेला चार ओळी लिहा. आणि पास मागू नका, तिकीट काढा.

शेवटी ती एकवीस वर्षांची मुलगी. तिला तुम्ही काय सांगितलंत हे पत्रात नाही. 'लोकांना कळत नाही' असं सांगितलं असेल, तर ते मागे घ्या, कारण उद्या हेच लोक टाळ्या वाजवतील तेव्हा तिला त्या टाळ्याही खोट्या वाटतील. तिला मामाच्या पेनाची गोष्ट सांगा, म्हणजे तो हशा तिच्या अभिनयावर नव्हता हे तिला तपशिलात कळेल. हशा आला तर त्याच्याशी झगडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, कागदावरची नजर हलू द्यायची नाही, तो ओसरेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढचं वाक्य घ्यायचं, हे तालमीत करून घ्या. दोघा-चौघांना मुद्दाम हसायला बसवा आणि तिला त्या हशातून जायची सवय होऊ द्या. चर्चेत बसायचं की नाही हे प्रत्येक प्रयोगाला तिचं तिला ठरवू द्या, कारण न विचारता. ती एवढ्या उशिरा घरी कुणाबरोबर जाते, आणि तिच्या घरी या नाटकाबद्दल काय बोलणं होतं, तेही एकदा विचारा. तिलाही भाऊ असेल.